गोळी मिळते, वेळ कोण देणार?

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात माझ्या एका पक्षकार बाईंच्या वाटणीच्या दाव्याची तारीख होती. बाई पंचावन्न-छपन्नच्या, विडी वळून पोट भरणाऱ्या. साडेदहाला हजर राहा, असे मीच त्यांना बजावून सांगितले होते. दुपारचा एक वाजला, दीड वाजला, तरी आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला नाही. व्हरांड्यातील बाकावर बसलेल्या बाईंच्या कपाळावर एकाएकी दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. शेजारचा एक जण म्हणाला, ऊन लागले. दुसरा म्हणाला, कोर्टाची भीती. एका टायपिस्टने मात्र बरोबर ओळखले, कारण त्याच्या घरी त्याची आई मधुमेहाची रुग्ण. त्याने धावत जाऊन टपरीवरून ग्लासभर पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून आणली आणि बाईंना घोट-घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत बाई सावध झाल्या.

मी विचारले, "मावशी, सकाळी जेवून निघाल्या नव्हत्या का?"

त्या म्हणाल्या, "गोरी खाल्ली होती, वकीलसाहेब. सैपाक करत बसली असती तं मोटार सुटली असती. मोटार सुटली असती तं तारीख गेली असती."

साखर उतरवणारी गोळी पोटात आणि पोट रिकामे, म्हणून रक्तातील साखर एकदम खाली आली होती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाने जेवण चुकवले की असे होऊ शकते. वेळेवर ओळखले नाही तर माणूस बेशुद्ध पडतो, प्राणही जाऊ शकतो. बाईंनी औषध घेतले होते, त्यात त्यांची कसूर नव्हती. त्यांच्याजवळ नव्हता तो वेळ. एस.टी.ची वेळ दुसऱ्यांनी ठरवलेली, कोर्टाची वेळ दुसऱ्यांनी ठरवलेली. त्यांच्या जेवणाची वेळ कोणती, हे कोणी विचारलेच नव्हते. त्यांच्या वकिलानेही नाही. हा लेख लिहिण्याचे कारण हेच आहे.

शरीराचा हिशेब

मधुमेह हा विचित्र आजार आहे. तो झालेल्या माणसाला डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांतून पाच मिनिटे भेटतो. उरलेले सर्व दिवस आणि सर्व तास रुग्ण स्वतःच स्वतःचा डॉक्टर, स्वतःच परिचारिका आणि स्वतःच स्वयंपाकी असतो. काय काय करायचे असते त्याला? गोळी ठरल्या वेळी घ्यायची. इन्सुलिन असेल तर जेवणाच्या हिशेबाने टोचायचे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासायची आणि लिहून ठेवायची. दिवसातून तीन वेळा ठरावीक वेळी, मोजून जेवायचे. त्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा. आठवड्यातून १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, भरभर चालायचे. रात्री तळपाय धुऊन, कोरडे करून, उजेडात नीट पाहायचे, कुठे चीर नाही ना, फोड नाही ना. दर तीन-सहा महिन्यांनी रक्ताची मोठी तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड. शिवाय दवाखान्यात जाण्याचा, रांगेत उभे राहण्याचा आणि परत येण्याचा वेळ.

२००५ साली अमेरिकेतील मधुमेह-शिक्षकांना विचारून एक छोटा अभ्यास झाला. गोळ्यांवर असलेल्या, आजाराची सवय झालेल्या साध्या रुग्णाने सांगितलेले सर्व काही करायचे ठरवले तर त्याला रोज किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न त्यांना विचारला होता. उत्तर आले, दोन तासांहून अधिक. हे त्या देशातील उत्तर आहे, जिथे नळ घरात आहे, गॅस घरात आहे आणि दाराशी मोटारगाडी आहे.

आपण केवळ दोन तासच धरू. वर्षाचे ७३० तास होतात. आठ तासांचा एक दिवस या हिशेबाने ९१ दिवसांची मजुरी झाली. हा आजार माणसाकडून दरवर्षी तीन महिन्यांची मजुरी वसूल करतो, असा याचा सरळ अर्थ आहे. ज्याच्या पदरी पगारी रजा आहे, घरी स्वयंपाकाला माणूस आहे, तो ही वसुली देऊ शकतो. ज्याचे पोट त्या दिवसाच्या मजुरीवर आहे तो काय देणार? तो शरीर देतो. आधी डोळे देतो, मग पाय देतो, मग मूत्रपिंड देतो.

'हा श्रीमंतांचा रोग, आपल्याला कशाला होतो?' ही समजूत आपल्या वस्त्यांत अजून आहे. ती सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतून २०१७ मध्ये असेही दिसले होते की आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत हा आजार श्रीमंतांपेक्षा गरिबांत अधिक आहे. श्रीमंत वाचायला शिकला आणि रोग खाली सरकला. आपल्या देशात वरच्यांनी टाकून दिलेले खालच्यांच्या वाट्याला येते, याचा अनुभव आपल्याला नवा नाही.

बांधीतला चिखल आणि डॉक्टरांचा कागद

आता डॉक्टरांनी दिलेला तो कागद घेऊन भंडारा जिल्ह्यातील एखाद्या गावात चला.

कागदावर लिहिले आहे : अनवाणी चालू नका, पाय कोरडे ठेवा. आषाढ-श्रावणात आमच्या बाया धानाच्या रोवणीला जातात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधीतल्या चिखलात, पिंडरीभर पाण्यात, वाकून, हातात परे घेऊन. मधुमेहाने पायाची संवेदना बधिर झाली की काटा रुतलेला कळत नाही, काच लागलेली कळत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर चूल, पाणी, लेकरे. मग रात्री दहाला मिणमिणत्या दिव्याखाली तळपाय कोण तपासणार? जखम चिघळते तेव्हा वासाने कळते. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत अंगठा जातो, कधी घोट्यापर्यंतचा पाय जातो.

कागदावर लिहिले आहे : भात कमी करा, भाजीपाला, डाळ आणि भाकरी वाढवा. हा धानाचा जिल्हा आहे. शेतात धान, रेशनवर तांदूळ, ताटात भात. आणि भात केवळ स्वस्त म्हणून खाल्ला जात नाही, तो लवकर होतो म्हणूनही खाल्ला जातो. चुलीवर भाताचे गंज चढवून बाई दुसऱ्या कामाला लागू शकते. ज्वारीची भाकरी थापायची तर तिला चुलीसमोर बसावे लागते. आहारतज्ज्ञाला हा फरक दिसत नाही, कारण त्याच्या घरी भाकरी थापणारी दुसरी कोणी असते.

कागदावर लिहिले आहे : बसून राहू नका, हिंडा-फिरा. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका जागी बसते. मजुरी नगावर. उठून अर्धा तास चालली तर अर्ध्या तासाच्या विड्या कमी झाल्या. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्याच्या आवारात काम करणाऱ्याच्या तासांना मर्यादा घातली होती, पण घरी बसून विडी वळणाऱ्या बाईच्या दिवसाचे तास कोणी मोजले नाहीत. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत विरघळले. घरी बसणाऱ्या त्या बाईच्या तासांची मोजणी मात्र आजही होत नाही.

कागदावर लिहिले आहे : इन्सुलिन थंड जागी ठेवा. घरी फ्रीज नसेल तर दोन मातीची मडकी, मध्ये ओली वाळू आणि आतल्या मडक्यात कुपी, हा साधा उपाय चांगला आहे. परंतु भंडाऱ्याच्या मे महिन्यात ती वाळू दिवसभर ओली ठेवायलाही कोणीतरी घरी लागते.

आणि एक गोष्ट या कागदावर बहुधा लिहिलेलीच नसते. पूर्व विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए-वन-सी नावाची तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यामुळे त्याची साखर वाढलेली असूनही ही तपासणी फसवी कमी दाखवू शकते. नुसत्या वाहकातही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. म्हणून ज्यांच्याकडे सिकलसेलचे कार्ड आहे त्यांनी ते मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून मागावी. एका रोगाचे कार्ड एका टेबलावर आणि दुसऱ्याचे दुसऱ्या टेबलावर, अशी आपली सरकारी व्यवस्था आहे. दोन टेबलांमधले अंतर रुग्णालाच आपल्या वेळाने भरून काढावे लागते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधुमेह, कर्करोग व हृदयविकार नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत तो आधी आला त्यांत भंडाराही होता. आशाताई घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्यांची माहिती भरतात. गोळी फुकट मिळते. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिनी शिबिरे होतात. पण शिबिरात साखर मोजली जाते, रुग्णाचा दिवस मोजला जात नाही. सरकारी दवाखान्याची वेळ सकाळची, मजुरी लागण्याची वेळही सकाळची. फुकटच्या गोळीची किंमत एक दिवसाची मजुरी पडते. मग बाई गोळी आणायला जात नाही आणि कागदावर शेरा पडतो, 'रुग्ण औषधोपचारात हयगय करतो'. हयगय कोणाची?

भंडाऱ्याचा उमेदवार

मधुमेह आणि भंडारा हे दोन शब्द एकत्र आले की चळवळीच्या माणसाला एक नाव आठवले पाहिजे. ते नाव परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे.

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता आणि भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता. ऐन उन्हाळ्याचे दिवस. बाबासाहेबांनी नुकतीच वयाची ६३ वर्षे पूर्ण केली होती. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पायांत मज्जातंतूंच्या वेदना, दृष्टी मंदावत चाललेली. त्या अवस्थेत ते या जिल्ह्यात आले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. त्या पराभवाची चर्चा आपण सत्तर वर्षे करीत आलो आहोत. त्यानंतर काय झाले याची चर्चा आपण करीत नाही. त्याच वर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बाबासाहेब अंथरुणाला खिळून होते. डिसेंबरमध्ये ते पुन्हा उठले आणि जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले.

संविधानाचा मसुदा तयार होत होता त्याच काळात त्यांची प्रकृती ढासळली. झोप लागत नव्हती, पाय दुखत होते, इन्सुलिन सुरू होते. उपचारासाठी ते मुंबईला गेले, तिथे डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या, आपल्या माईसाहेब झाल्या. पथ्याचे जेवण, इन्सुलिनची सुई, औषधांच्या वेळा, भेटायला येणाऱ्यांना आवर घालणे ही सगळी कामे घरातल्या एका शिकलेल्या डॉक्टरने पत्नी म्हणून केली. नानकचंद रत्तू कचेरीतली नोकरी सांभाळून संध्याकाळी येत, लिखाण टंकलिखित करीत, पायही चेपून देत. ६ डिसेंबरनंतर माईसाहेबांच्या वाट्याला जे आले त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, तो आजचा विषय नाही. आजचा विषय एवढाच, की बाबासाहेबांच्या शेवटच्या आठ वर्षांत जे घडले, २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले गेले, हिंदू कोड बिलाचा लढा झाला, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून झाला, त्या सर्वांच्या खाली या दोन माणसांचे मोजले न गेलेले तास आहेत.

ज्ञानाचा महामेरू, देशाचा कायदेमंत्री, घरात डॉक्टर पत्नी. त्यांनाही हा आजार आवरला नाही. ६५ व्या वर्षी ते गेले. मग ज्या बाईच्या घरी डॉक्टर नाही, रत्तू नाही, घड्याळही नाही, तिने हा आजार एकटीने सांभाळावा आणि नाही जमले तर तिला निष्काळजी म्हणावे, हा कोणता न्याय?

फुरसत हा संविधानाचा शब्द

वकील म्हणून मला इथे एक मुद्दा मांडायचा आहे. आजारी शरीराला लागणारा वेळ हा दानधर्माचा विषय नाही, तो हक्काचा विषय आहे. हा विचार बाबासाहेबांनीच या देशात रुजवला आहे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणात बाईला लागणारी विश्रांती ही तिची खासगी बाब नाही, त्यात समाजाचे हित आहे, म्हणून तिचा भार एकट्या बाईवर टाकता येत नाही, हे त्या भूमिकेचे सार होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. शरीराला लागणाऱ्या वेळाची मजुरी कापू नये, हे तत्त्व तिथे मान्य झाले. पुढे १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगार विमा योजनेची आखणीही त्यांच्याच कारकिर्दीत झाली, तिचा कायदा १९४८ मध्ये झाला. आजारपणाचा भत्ता म्हणजे काय? कामगाराला आजारी पडण्यासाठी दिलेला पगारी वेळ.

आणि मग संविधानाचे कलम ४३ पाहा. कामगाराला, मग तो शेतीतला असो, कारखान्यातला असो की आणखी कुठला, निर्वाह वेतन मिळावे, माणसासारखे जगता येईल अशी कामाची परिस्थिती मिळावी आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा यासाठी राज्याने झटावे, असे ते कलम सांगते. फुरसत! शेतमजुराचे नाव आणि फुरसत हा शब्द एका कलमात आहेत. १९९५ मध्ये कामगारांच्या आरोग्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ४३ आणि जगण्याच्या हक्काचे कलम २१ एकत्र वाचले आणि कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. मग मधुमेही शेतमजुराला स्वतःच्या शरीरासाठी लागणारे दोन तास या हक्काच्या बाहेर कसे?

चाकांची दिशा मात्र उलटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेता येईल अशा कायदादुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे समर्थन केले जाते. पण शरीर आठवड्याच्या हिशेबाने जेवत नाही. भंडारा जिल्ह्यातून मौदा-बुटीबोरीच्या कारखान्यांत जाणारा तरुण जाण्या-येण्याचे तास धरून पंधरा तास बाहेर राहिला, तर त्याने चालायचे केव्हा, जेवायचे केव्हा आणि झोपायचे केव्हा? त्याला तिशीतच मधुमेह झाला तर दोष त्याच्या जिभेचा ठरणार, कायद्याचा नाही.

आपले घर, आपली चळवळ

शासनाकडे बोट दाखवताना बाकीची बोटे आपल्याकडे आहेत हेही पाहिले पाहिजे. आपल्या घरात साखर पुरुषाला झाली तर त्याच्यासाठी वेगळी भाकरी होते. साखर बाईला झाली तर ती उरलेला भात खाते. पुरुष पहाटे फिरायला जातो. बाई फिरायला निघाली तर 'हिला कामधंदा नाही का' असे विचारले जाते. आजारी पुरुषाचा वेळ बायको भरून काढते, आजारी बायकोचा वेळ कोणी भरून काढत नाही. समता आपण भिंतीवर लिहितो, ती चुलीपाशी का येत नाही?

आणि आपले कार्यकर्ते? ओळीने नावे आठवा म्हटले तर प्रत्येक तालुक्यात चार-दोन नावे अशी निघतील, जी पन्नाशीच्या आत गेली. बैठक रात्री बाराला संपते. जेवण एकला. दिवसभर गोड चहा, भजी, बिस्कीट. गोळी झोळीत, झोळी गाडीत. कोणी काळजीने बोलले तर उत्तर ठरलेले, 'बाबासाहेबांनी कुठे देहाची पर्वा केली?' बंधूंनो, हे बाबासाहेबांचे अनुकरण नव्हे. बाबासाहेबांनी काम टाकले नाही, हे खरे. पण आपल्याला कोणीतरी सांभाळण्याची गरज आहे हे त्यांनी ओळखले होते, मान्य केले होते आणि त्याप्रमाणे आयुष्यात बदलही केला होता. आपण त्यांच्या वेदनेचे अनुकरण करतो, त्यांच्या शहाणपणाचे करीत नाही. देह झिजवण्याचा मार्ग सिद्धार्थाने सोडून दिला तेव्हाच त्याला मध्यम मार्ग सापडला, हे आपण दर वैशाख पौर्णिमेला सांगतो ना?

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. तथागत आनंदाला सोबत घेऊन भिक्खूंचे निवासस्थान पाहत फिरत होते. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेला दिसला. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी स्वतः पाणी घालून त्याला धुतले, आनंदाने हातभार लावला. मग त्यांनी संघाला बोलावून सांगितले की घरदार सोडून आलेल्या तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. जो उपयोगी नाही त्याच्यासाठी कोणाला वेळ नसतो, ही त्या काळचीही रीत होती. तथागतांनी ती रीत मोडली.

मागण्या

भाषण पुरे. काय करायचे ते स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना ज्यांची साखर स्थिर आहे त्यांना तीन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत. हे अशक्य नाही. २०२० च्या टाळेबंदीत केंद्र शासनानेच अशी मुभा दिली होती. साथीत जे चालले ते रोवणीच्या हंगामात का चालू नये?

दुसरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी मधुमेहाचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा. त्याच दिवशी पाय तपासावेत, सिकलसेलची नोंद त्याच कागदावर घ्यावी.

तिसरी, विडी कामगार, घरेलू कामगार आणि शेतमजूर यांना तपासणीच्या दिवसाची मजुरी कल्याण मंडळातून भरून मिळावी. कारखान्यातील कामगाराला आजारपणाचा भत्ता आहे, तर बांधीतील मजुराला का नाही?

चौथी, बारा तासांच्या दिवसाला कामगार संघटनांबरोबर आपल्या संघटनांनीही विरोध करावा. आठ तासांचा दिवस ही बाबासाहेबांची कमाई आहे, ती आपल्या डोळ्यांदेखत जाता कामा नये.

पाचवी मागणी माझ्या व्यवसायबंधूंकडे आणि न्यायालयांकडे आहे. आजारी आणि वृद्ध पक्षकारांची प्रकरणे आधी घ्यावीत, निदान त्यांचा पुकारा केव्हा होईल ते सकाळीच सांगावे. आपण एक साधा अर्ज द्यायला काय हरकत आहे?

सहावी आपल्याच विहारांकडे आहे. रविवारची वंदना होते तिथे एक साखर मोजण्याचे यंत्र ठेवावे, एका उपासिकेने वही ठेवावी. वंदनेनंतर सर्वांनी मिळून अर्धा तास चालावे, म्हणजे बाईला कोणी कामधंद्याचे विचारणार नाही. तळपायांना बधिरपणा असलेल्या माणसाचे पाय दुसऱ्याने पाहावेत, डोळ्यांनी नीट दिसत नसेल तर हाच उपाय आहे. वस्तीतील एकट्या म्हाताऱ्या रुग्णाचे जेवण वेळेवर होते की नाही, याची चौकशी शेजारच्या घराने करावी. यासाठी अनुदान लागत नाही.

त्या बाईंचा दावा अजून चालू आहे. पुढच्या तारखेला मी आधीच अर्ज दिला आणि प्रकरण अकरा वाजता पुकारले गेले. बाईंनी पदरात बांधून आणलेली भाकरी बाराला माझ्या टेबलाशी बसून खाल्ली. निघताना "जयभीम, वकीलसाहेब" म्हणाल्या आणि दोनच्या मोटारीने गावी गेल्या. त्या दिवशी त्यांच्या अर्ध्या दिवसाच्या विड्या वाचल्या. इतकी वर्षे वकिली करून हे मला आधी का सुचले नाही, याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.